अपोलो मोहिमांतून चंद्रापर्यंत जाऊन आलेली वस्तू: पहिली खरेदी कुठली करावी, आणि खरी-खोटी कशी ओळखावी?

चंद्रकोर_रत्नागिरी

अपोलो मोहिमेत प्रत्यक्ष यानातून जाऊन आलेली एखादी छोटी वस्तू संग्रहासाठी घ्यायची आहे. बजेट सगळं धरून, म्हणजे टपालखर्च आणि कस्टम्ससकट, दीड लाख रुपये. परदेशी लिलावगृहांच्या आणि विक्रेत्यांच्या याद्यांमधून सहा गोष्टी निवडून ठेवल्या आहेत:

१. अपोलो ११ चं तिघांच्या सह्यांचं ‘इन्शुरन्स कव्हर’, म्हणजे टपालाचं पाकीट. विक्रेता ‘फ्लोन’, म्हणजे यानातून जाऊन आलेलं, म्हणतो. किंमत माझ्या आवाक्याबाहेर आहे, पण दोघांत मिळून घेता येईल.
२. अपोलो १५ चा बीटा कापडाचा पॅच, सोबत फक्त विक्रेत्याचं प्रमाणपत्र.
३. अपोलो ११ च्या कमांड मॉड्यूलच्या (तिघं ज्यातून परतले त्या यानाच्या) कॅप्टन फॉइलचा, म्हणजे Kapton या पातळ प्लॅस्टिक पापुद्र्याचा, काही मिलिमीटरचा तुकडा, कार्डावर चिकटवलेला.
४. अपोलो १६ च्या चेकलिस्टचं एक सुटं पान, अंतराळवीराच्या सहीचं.
५. अपोलो १७ चं रॉबिन्स चांदीचं पदक, ‘बहुधा फ्लोन’ असा शेरा.
६. ‘ईगल’ आणि ‘कोलंबिया’ या अपोलो ११ च्या यानांचा धातू मिसळलेलं एक पदक. हे बरंच स्वस्त आहे.

यातलं खरोखर जाऊन आलेलं कुठलं? विकत घेण्याआधी नेमकं काय मागायचं? आणि घर कोकणात असल्यामुळे पावसाळ्यात या वस्तू कशा सांभाळायच्या?

एसएन_१००१

आधी क्रमांक १ बाद करा. इन्शुरन्स कव्हरं चंद्रावर गेलीच नाहीत. उड्डाणापूर्वी अंतराळवीरांनी पाकिटांवर सह्या करून ठेवल्या. मोहिमेतल्या महत्त्वाच्या दिवशी, म्हणजे उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या तारखेला, पृथ्वीवरच्याच टपाल कार्यालयात त्यांवर शिक्के मारले गेले. अपघात झाला तर कुटुंबाला ती विकून पैसे उभे करता यावेत हा हेतू होता. अपोलो ११ ते १६ या मोहिमांची अशी पाकिटं आहेत. ती फार मोलाची आहेत, पण ‘फ्लोन’ म्हणून त्यांचा एक रुपयाही जास्त देऊ नका. ज्या विक्रेत्याला एवढं माहीत नाही, किंवा माहीत असून तो तसं लिहितो, त्याच्याकडच्या बाकीच्या वस्तूही सोडून द्या.

क्रमांक ६ मधला शब्द नीट वाचा: धातू ‘मिसळलेलं’. हे नासाचं मॅन्ड फ्लाइट अवेअरनेस पदक. मोहिमेसाठी राबलेल्या कर्मचाऱ्यांना वाटण्यासाठी ते हजारोंच्या संख्येने काढलं. यानाच्या धातूचा थोडा अंश वितळवून मोठ्या साठ्यात मिसळला, म्हणून पदकात तो अंश नावापुरताच असतो. पदक खरं आहे, स्वस्त आहे, पण ते स्वतः अंतराळात गेलेलं नाही. असाच गोंधळ अपोलो १४ च्या, फ्रँकलिन मिंट या खासगी टांकसाळीच्या छोट्या नाण्यांबाबत होतो. यानातून गेलेल्या चांदीच्या पदकांपैकी काही वितळवून, बाकीच्या भरपूर चांदीत मिसळून ती लाखाहून अधिक पाडली. त्यात चंद्राकडे जाऊन आलेली चांदी किती असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

क्रमांक ५ साठी आधी पदकाची कड बघा. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲटलबरोच्या रॉबिन्स कंपनीने अपोलो ७ पासून अंतराळवीरांच्या प्रत्येक दलासाठी स्टर्लिंग चांदीची पदकं पाडली. ती सामान्य माणसाला विकत मिळत नसत, अंतराळवीरच घेत. कडेवर स्टर्लिंग, रॉबिन्स आणि अनुक्रमांक कोरलेला असतो. सुरुवातीच्या मोहिमांत पाडलेली जवळजवळ सगळी पदकं यानातून गेली. अपोलो ११ ची ४५० आहेत. शेवटच्या तीन मोहिमांत चित्र बदललं. अपोलो १५ ची ३०४ पाडली आणि १२७ गेली. अपोलो १६ ची ९८ गेली, १७ ची फक्त ८०. अपोलो १७ च्या जाऊन आलेल्या पदकांच्या अनुक्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर आहे. ते नसेल तर ‘बहुधा’चा प्रश्नच उरत नाही, पदक पृथ्वीवरच राहिलेलं आहे. ‘एफ’ असलेलं तुमच्या बजेटात येणार नाही.

अपोलो १३ चं पदक कधी समोर आलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आयत्या वेळी मॅटिंग्ली या अंतराळवीराऐवजी स्वायगर्ट गेला आणि चंद्रावर उतरणंही झालं नाही, त्यामुळे यानातून आणलेली मूळ पदकं वितळवून त्या चांदीतून बदललेल्या नक्षीची पदकं पुन्हा पाडली. म्हणून १३ चं पदक ‘जाऊन आलेल्या चांदीचं’ आहे. याद्यांमध्ये हा फरक नेहमी लिहिलेला नसतो.

उरले २, ३ आणि ४. माझं मत चेकलिस्टच्या पानाला. कारणं सविस्तर खाली लिहितो, आधी पाकिटांबद्दल कुणी जाणकार बोलेल तर बरं.

शिक्का_आणि_तारीख

पाकिटांचं मी सांगते, कारण पुढे कधी ना कधी तुमचं मन तिकडे वळेलच.

खरी जाऊन आलेली पाकिटं अपोलो ११ चीही आहेत. मोहिमेनंतर अंतराळवीर ह्यूस्टनच्या लूनर रिसीव्हिंग लॅबोरेटरीत विलगीकरणात होते. त्यामुळे त्या पाकिटांवर ११ ऑगस्ट १९६९ चा टेक्ससमधल्या वेब्स्टरचा टपाल शिक्का आणि ‘विलगीकरणामुळे उशीर’ अशा अर्थाचा वेगळा रबरी शिक्का असतो. अपोलो ११ च्या ज्या पाकिटावर १६ किंवा २० जुलै १९६९ ची तारीख आहे ते यानात असूच शकत नाही. उड्डाण १६ जुलैला झालं, तिघं परतले २४ जुलैला. विकणारा काहीही सांगो, शिक्क्याची तारीख वाचली की निम्मे प्रश्न जागेवर सुटतात.

सगळ्यात जास्त चर्चा होते ती अपोलो १५ च्या पाकिटांची. त्या मोहिमेचे अंतराळवीर स्कॉट, वॉर्डन आणि आयर्विन यांनी परवानगीशिवाय ३९८ पाकिटं नेली. त्यातली १०० पश्चिम जर्मनीतले तिकीट-व्यापारी हर्मान झीगर यांच्याकडे गेली आणि त्यांनी ती लगेच विकायला काढली. प्रकरण उघड झाल्यावर नासाने उरलेली २९८ ताब्यात घेतली आणि तिघांना पुन्हा उड्डाण मिळालं नाही. १९८३ मध्ये वॉर्डन यांनी दावा लावल्यावर सरकारने ती २९८ परत दिली. म्हणून आज बाजारात दोन गट दिसतात: झीगर गट, आणि परत मिळालेल्यांचा गट. दोन्ही अस्सल. दोन्हींवर पहिला शिक्का केनेडी स्पेस सेंटरचा २६ जुलै १९७१ चा (उड्डाणाआधी मारलेला), दुसरा अंतराळवीरांना समुद्रातून उचलणाऱ्या यूएसएस ओकिनावा या जहाजावरचा ७ ऑगस्ट १९७१ चा. दुसऱ्या शिक्क्याखाली ८ सेंटांची जोडतिकिटं आहेत, जी अंतराळवीर चंद्रावर असताना २ ऑगस्टला प्रसिद्ध झाली. म्हणजे ही तिकिटं चंद्रावर गेलेलीच नाहीत, जहाजावर लावलेली आहेत. पुष्कळांना यामुळे पाकीट बनावट वाटतं. ते तसंच असायला हवं. झीगर गटातल्या पाकिटांच्या मागे नोटरीचा दाखला टंकलेला असतो.

आणखी एक पाकीट स्कॉटने २ ऑगस्टला चंद्रावर उभं राहून, कॅमेऱ्यासमोर, टपाल खात्यासाठी शिक्का मारून रद्द केलं. ते सरकारी होतं आणि सरकारकडेच आहे. ‘चंद्रावर शिक्का मारलेलं’ म्हणून कुणी दुसरं पाकीट दाखवलं तर पुढे बोलूच नका.

मुंबईच्या संदर्भात एक. ऑक्टोबर १९६९ मध्ये अपोलो ११ चे तिघे जगदौऱ्यात मुंबईला आले होते. त्या भेटीचे फोटो, आमंत्रणं, सह्या केलेली रंगीत छायाचित्रं अजूनही जुन्या घरांतून बाहेर येतात. संग्रहात त्यांना मानाची जागा द्यावी, पण ती जाऊन आलेली नाहीत. शिवाय नासाकडून टपालाने आलेल्या छायाचित्रांवर पुष्कळदा सही करणाऱ्या यंत्राची, ऑटोपेनची, सही असते. एकाच नमुन्याच्या दोन सह्या एकमेकींवर ठेवून तंतोतंत जुळल्या तर सही यंत्राची समजा. माणसाची सही दोनदा तशीच्या तशी येत नाही.

एसएन_१००१

आता चेकलिस्टचं पान.

यानात नेलेल्या सगळ्या पुस्तिका, कार्डं आणि नकाशे मिळून ‘फ्लाइट डेटा फाइल’ होत असे. प्रत्येक पुस्तिकेला पार्ट नंबर असतो, बहुतेक वेळा ‘एसकेबी’ने सुरू होणारा, आणि पुढे अनुक्रमांक. प्रत्यक्ष नेलेल्या प्रतीचा अनुक्रमांक साधारणपणे १००१. त्यापुढच्या प्रती सरावासाठी, राखीव दलासाठी आणि नियंत्रण कक्षासाठी. अडचण अशी की हा क्रमांक मुखपृष्ठावर असतो. सुट्या पानावर फक्त पानाचा क्रमांक, मोहिमेचं नाव आणि छपाईची तारीख उरते. त्यामुळे मजकूर जुळला म्हणजे प्रत जुळली असं होत नाही. सरावाच्या प्रतीतलं पानही अक्षरशः तेच असतं. अपोलो ११ च्या ‘फ्लाइट प्लॅन’ची १ जुलै १९६९ ची ‘फायनल’ आवृत्ती पृथ्वीवर कितीतरी लोकांच्या हातात होती. तिचं पान ‘अपोलो ११ फ्लाइट प्लॅनचं मूळ पान’ म्हणून विकलं जातं. वाक्य खरं आहे, त्यात ‘यानातून गेलेलं’ हा शब्द नाही, आणि घाईत वाचणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

म्हणून पानावर अंतराळवीराने स्वतःच्या हाताने लिहिलेलं वाक्य हवं, नुसती सही नव्हे. मोहिमेचं नाव, पान चंद्रापर्यंत गेल्याचा स्पष्ट उल्लेख आणि सही, हे तिन्ही त्याच कागदावर असावं. सोबत वेगळं पत्र असेल तर त्यात पानाचा क्रमांक आणि पुस्तिकेचं नाव यायला हवं. पत्रात नुसतं ‘माझ्या संग्रहातलं’ असेल तर तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. अंतराळवीरांच्या संग्रहात सरावाच्या प्रतीही असतात, भेट मिळालेल्या वस्तूही असतात. ‘संग्रहातलं’ आणि ‘मी नेलेलं’ या दोन शब्दांत किमतीचा दसपट फरक पडू शकतो, म्हणून पत्र शब्द-शब्द वाचा.

पुढची पायरी: नासाची त्या मोहिमेची ‘स्टोएज लिस्ट’ काढा. यानात कुठली वस्तू, कुठल्या पार्ट नंबरची, किती नग, कुठल्या कप्प्यात गेली आणि परत आली का, याची ती यादी. मोहिमेच्या सांकेतिक नावाने शोधा. अपोलो ११ म्हणजे मिशन जी, कमांड मॉड्यूल १०७, लूनर मॉड्यूल (चंद्रावर उतरणारं यान) ५. अपोलो १५ म्हणजे जे-१, ११२ आणि १०. तुमच्या अपोलो १६ साठी जे-२, ११३ आणि ११. पुस्तिका त्या यादीत सापडली पाहिजे. ती कमांड मॉड्यूलच्या खात्यात आहे की लूनर मॉड्यूलच्या, हेही बघा, कारण किंमत त्यावर ठरते. कमांड मॉड्यूलमधलं पान चंद्राभोवती फिरून आलं. लूनर मॉड्यूलमधलं पान चंद्रावर उतरलं. याद्यांमध्ये दोन्हींना सर्रास ‘चंद्रावर गेलेलं’ म्हणतात.

लूनर मॉड्यूलच्या वस्तूंना आणखी एक कसोटी लावता येते. ते यान पृथ्वीवर परत आलेलंच नाही. वरचा भाग काम झाल्यावर सोडून दिला, आणि अपोलो १३ चा तर पृथ्वीच्या वातावरणात जळाला. तेव्हा लूनर मॉड्यूलची म्हणून जी वस्तू आज कुणाच्या हातात आहे ती अंतराळवीरांनी मुद्दाम उचलून कमांड मॉड्यूलमध्ये आणलेली असली पाहिजे. कुणी, कशासाठी आणली, हे विक्रेत्याला सांगता आलं पाहिजे. सॅटर्न ५ रॉकेटच्या ‘जाऊन आलेल्या’ तुकड्यांनाही हाच न्याय. रॉकेटचे टप्पे समुद्रात पडले किंवा अंतराळात गेले. २०१३ मध्ये अटलांटिकच्या तळातून काही एफ-१ इंजिनं काढली, त्यातल्या एकावर २०४४ हा क्रमांक वाचता आला आणि ते अपोलो ११ चं ठरलं. ती इंजिनं नासाच्या मालकीची आहेत, बाजारातली नव्हेत.

कधी यंत्रभाग घेणार असाल तर पार्ट नंबरची सुरुवात पाहा. ‘व्ही३६’ हा नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या, चंद्रमोहिमांत वापरलेल्या कमांड मॉड्यूलचा. ‘एलडीडब्ल्यू’ ग्रमन कंपनीच्या लूनर मॉड्यूलचा. ‘एसईबी’ नासाने पुरवलेल्या दलाच्या साहित्याचा. भागावर लाल अक्षरांत ‘नॉट फॉर फ्लाइट’ असेल तर तो सरावाचा किंवा चाचणीत नापास झालेला. लाल शिक्का नाही म्हणून तो जाऊन आला असंही ठरत नाही, कोठारात पडून राहिलेले सुटे भाग पुष्कळ आहेत.

बीटा_कापड

कॅप्टनला एवढ्यात डावलू नका. पहिल्या खरेदीसाठी तो तुकडा वाईट नाही. कमांड मॉड्यूलच्या बाहेरून ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या कॅप्टनच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. पृथ्वीच्या वातावरणात शिरताना त्या जळल्या, सुटल्या, काही लोंबत राहिल्या. यान जहाजावर घेतल्यावर तिथल्या लोकांनी त्या काढून ठेवल्या. अपोलो ११ च्या बाबतीत ते जहाज यूएसएस हॉर्नेट. म्हणजे हा यानाचाच भाग आहे, चंद्राभोवती जाऊन आलेला आहे आणि दीड लाखात आरामात बसतो. फक्त मूळ मोठ्या तुकड्याचा फोटो, तो कुणाकडून आला त्याचं पत्र आणि तुमचा तुकडा त्यातून कापल्याची नोंद, या तीन गोष्टी हव्यात.

क्रमांक २ च्या पॅचबद्दल. बीटा कापड म्हणजे टेफ्लॉनचा लेप दिलेलं काचतंतूंचं कापड. जानेवारी १९६७ च्या अपोलो १ च्या आगीनंतर न जळणारं कापड म्हणून ते यानात सगळीकडे आलं. त्यावर मोहिमांची चिन्हं छापलेले पॅच खूप मोठ्या संख्येने निघाले आणि त्यातले मोजकेच यानातून गेले. कापड अस्सल, छपाई अस्सल, आणि तरीही पॅच पृथ्वीवरच राहिलेला, ही इथली नेहमीची स्थिती. विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर पॅच घेऊ नका. स्कॉट, वॉर्डन किंवा आयर्विनच्या हस्ताक्षरात पॅचवरच लिहिलेलं असेल तर विचार करा.

एसएन_१००१

कॅप्टनबाबत माझा विरोध कायम आहे. त्यावर क्रमांक नसतो, छपाई नसते, आणि हा पदार्थ आजही कारखान्यात तयार होतो. मुलामा दिलेली पट्टी आणून ज्योतीवर धरली तर दिसायला तशीच होते. प्रयोगशाळेत तपासलं तरी ‘हे कॅप्टन आहे’ एवढंच कळेल, ‘हे कोलंबियाचं आहे’ हे कळणार नाही. सगळी भिस्त कागदांच्या साखळीवर, आणि काही मिलिमीटरच्या तुकड्यामागे ती साखळी तीन-चार हातांतून आलेली असते. त्यातला एक दुवा तुटला की तुमच्या हातात चकचकीत कागदाचा कपटा उरतो. पुढे विकायला गेलात तर घेणाराही हेच विचारेल.

बीटा_कापड

साखळीचं म्हणणं मान्य. म्हणूनच तीन गोष्टी मागा म्हटलं. पण चेकलिस्टच्या पानाची लिलावातली बोली कुठपर्यंत जाईल सांगता येत नाही, अपोलो ११ किंवा १३ असेल तर विसराच. २०११ मध्ये अपोलो १३ चा कमांडर लॉव्हेल याची त्या मोहिमेतली चेकलिस्ट ३,८८,३७५ डॉलरला गेली होती. अख्खी पुस्तिका होती हे खरं, पण मोहिमेच्या नावाचा भाव किती चढतो ते यातून कळतं. अपोलो १६ चं पान निवडलंत ते योग्य, कारण १४ ते १७ च्या वस्तूंना तेवढी झुंबड नसते.

कायद्याची_बाजू

वरच्या लॉव्हेलच्या चेकलिस्टमुळेच पुढचा कायदा आला, म्हणून तो धागा पूर्ण करतो. विक्री झाल्यावर नासाने विचारलं की ही वस्तू मुळात लॉव्हेलच्या मालकीची होती का. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने अंतराळवीर एडगर मिचेलवर अपोलो १४ च्या १६ मिलिमीटर फिल्म कॅमेऱ्यावरून दावा लावला. मिचेलने कॅमेरा परत केला, तो स्मिथसोनियनकडे गेला. मग २५ सप्टेंबर २०१२ रोजी कायदा क्रमांक ११२-१८५ मंजूर झाला. मर्क्युरीपासून १९७५ च्या अपोलो-सोयुझपर्यंतच्या अंतराळवीरांनी ठेवून घेतलेल्या चेकलिस्ट, पुस्तिका, टाकाऊ आणि वैयक्तिक वापराच्या वस्तू यांची पूर्ण मालकी त्यांना मिळाली.

यातून खरेदीदाराने दोन गोष्टी घ्यायच्या. एक, संरक्षण अंतराळवीराकडून आलेल्या वस्तूंना आहे. कंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याने किंवा जहाजावरच्या खलाशाने घरी नेलेल्या वस्तूंचा त्या कायद्यात उल्लेख नाही. कॅप्टनच्या बारक्या तुकड्यांमागे कुणी लागलेलं नाही, पण मोठा यंत्रभाग घेताना तो सरकारी साठ्यातून रीतसर बाहेर पडल्याचा कागद मागाच.

दोन, चंद्राचे दगड आणि माती या कायद्यातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. अपोलोने आणलेले सुमारे ३८२ किलो नमुने अमेरिकी सरकारचे आहेत. अमेरिकी अध्यक्ष निक्सनच्या काळात इतर देशांना, भारतालाही, चंद्राच्या दगडाचे कण आणि यानातून जाऊन आलेला त्या-त्या देशाचा ध्वज भेट दिला, ते त्या देशांचे. १९९८ मध्ये होंडुरासला दिलेला १.१४२ ग्रॅमचा तुकडा पन्नास लाख डॉलरला विकायला निघाला तेव्हा गुप्त कारवाई करून तो जप्त झाला. तेव्हा ‘अपोलोची चंद्रधूळ’ म्हणून बाटली, चिकटपट्टी किंवा कुपी कुणी दाखवली तर हातही लावू नका.

अपवाद एक आहे आणि तो लोक हमखास पुढे करतात. अपोलो ११ ची नमुन्यांची पिशवी. २०१५ मध्ये सरकारी लिलावात ती ९९५ डॉलरला गेली, कारण यादीत तिची ओळख चुकली होती. खरेदीदार बाईंनी ती तपासायला नासाकडे पाठवली. आत अपोलो ११ ची धूळ सापडल्यावर नासा परत देईना. २०१६ मध्ये न्यायालयाने निकाल बाईंच्या बाजूने दिला, कारण खुद्द सरकारनेच ती विकली होती. २०१७ मध्ये पिशवी १८ लाख डॉलरला विकली गेली. तो निकाल त्या एका विक्रीपुरता आहे. त्याच्या आधाराने धूळ विकत घेणं म्हणजे जप्तीला आमंत्रण.

चंद्राचा दगडच हवा असेल तर चंद्रावरून आलेली उल्का घ्या. आघाताने उडून पृथ्वीवर पडलेले हे दगड खुल्या बाजारात कायदेशीर मिळतात. ते यानातून आलेले नाहीत एवढंच.

चंद्रकोर_रत्नागिरी

सगळ्यांचे आभार. १, २, ५, ६ सोडले. अपोलो १६ च्या पानाच्या विक्रेत्याला विचारलं. तो म्हणतो पानावर नुसती सही आहे, आणि सोबत अंतराळवीराचं पत्र आहे. पत्राचा फोटो अजून आलेला नाही. पान लिलावात आहे, १२ दिवस बाकी. दीड लाखात बोली कुठपर्यंत लावू? आणि सांभाळण्याचं कुणी सांगेल का?

बीटा_कापड

बोलीचा हिशेब उलटा करा. लिलावगृह हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, बायर्स प्रीमियम (खरेदीदाराकडून घ्यायचं शुल्क) लावतं, साधारण पाव हिस्सा धरा. म्हणजे ८०० डॉलरची बोली १,००० ला पडते. त्यावर विम्यासह कुरिअर. भारतात कस्टम्सची आकारणी वस्तू अधिक वाहतूक अधिक विमा अशा एकूण रकमेवर होते, नुसत्या बोलीवर नाही. हे सगळं धरून बोली तुमच्या बजेटच्या निम्म्याच्या आसपास थांबवली तर अंगाशी येणार नाही.

चलनावर (इनव्हॉइसवर) कस्टम्सचं वर्गीकरण आधीच नीट लिहून घ्या. ऐतिहासिक संग्राह्य वस्तू ९७०५ या क्रमांकाखाली येतात, तिकिटं आणि पाकिटं ९७०४ खाली. चांदीचं पदक चांदीची वस्तू म्हणून अडू शकतं, ते कधी मागवलंत तर आधी कस्टम्स एजंटशी बोला. यंत्रभाग असेल तर अमेरिकेतून बाहेर काढतानाच निर्यातीचे नियम आड येऊ शकतात, बोलीआधी लिलावगृहाला लेखी विचारा. कागदाला ती अडचण नाही. विक्रेता ‘भेटवस्तू म्हणून कमी किंमत लिहितो’ म्हणाला तर नको म्हणा. वाटेत हरवलं तर विमा तेवढ्याच रकमेचा मिळेल, आणि वस्तूच्या इतिहासात खोट्या किमतीचं चलन कायमचं राहील.

कोरडी_पेटी

कोकणात खरा शत्रू दमट हवा. जून ते सप्टेंबर घरातली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. कागदाला ४५ ते ५० टक्के हवी. ६५ च्या वर बुरशी धरायला लागते, आणि बुरशीचे डाग पुसले की शाईही पुसली जाते.

पान पॉलिएस्टरच्या, म्हणजे मायलारच्या, पारदर्शक पाकिटात ठेवा. बाजारात फाइलसाठी मिळणारी मऊ, वासाची प्लॅस्टिक पाकिटं पीव्हीसीची असतात. ती चिकटतात, छपाई उचलतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लाने चांदीही हिरवी पडते. मायलारमागे आम्लरहित पुठ्ठा, आणि ते सगळं रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. डब्यात सिलिका जेल, साधारण ५ लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम, आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक. रंग बदलणारं, नारिंगी जेल घ्या. हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास तापवून, गार करून परत ठेवा. पावसाळ्यात हे दर दोन-तीन आठवड्यांनी करावं लागेल. मापक ४० च्या खाली गेला तर थोडं जेल काढा, फार कोरड्या हवेत जुना कागद ठिसूळ होतो.

डांबरगोळ्या त्या डब्यात अजिबात नकोत. त्यांची वाफ प्लॅस्टिकवर आणि शाईवर बसते. कसरीसाठी डबा घट्ट असणं पुरेसं आहे. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, ती भिंत पावसात गार आणि ओली असते. एसीच्या खोलीतून डबा बाहेर आणलात तर तासभर न उघडता ठेवा, नाहीतर आत दव धरतं.

लॅमिनेशन कधीच नाही. भिंतीवर लावायचं असेल तर रंगीत प्रत काढून ती लावा. मार्करने केलेल्या सह्या उजेडात उडतात, अतिनील किरण अडवणारी काच लावली तरी हळूहळू उडतातच. पुढे कधी बीटा कापड घेतलंत तर त्याची घडी घालू नका, काचेचे तंतू घडीवर तुटतात आणि ती रेघ जात नाही. धुवायचं तर नाहीच. हाताळताना नायट्रिलचे मोजे घाला, तुटके तंतू बोटांत घुसतात. आणि चांदीचं पदक काळवंडलं तरी पॉलिश करू नका, नक्षीची धार आणि किंमत दोन्ही जाते.

एसएन_१००१

१२ दिवस पुरेसे आहेत. लिलावगृहाकडून चार गोष्टी लेखी मागा. पानाच्या दोन्ही बाजूंचा पूर्ण आकाराचा फोटो, कडेची भोकं दिसतील असा. यानातल्या पुस्तिका कड्यांत ओवलेल्या असत, भोकंच नसतील किंवा स्टेपलच्या खुणा असतील तर ते पान दुसऱ्या कुठल्या प्रतीतलं. पत्राचा पूर्ण फोटो, तारखेसह. पुस्तिकेचं नाव आणि पार्ट नंबर. आणि बाकीची पुस्तिका कुठे गेली याचं उत्तर. अंतराळवीराने पुस्तिका सोडवून पानं एक-एक विकली असतील तर त्याच पुस्तिकेची इतर पानं जुन्या लिलावांच्या नोंदींत सापडतात. तीच भोकं, तीच छपाईची तारीख, पत्राचा तोच मजकूर दिसला तर मोठा आधार मिळतो.

पानावर नुसती सही आहे, त्यामुळे इथे सगळा भार पत्रावर आहे. पत्रात पानाचा क्रमांक नसेल तर ते पत्र कुठल्याही पानासोबत जोडता येतं. अशा वेळी बोली लावू नका, अपोलो १६ ची पानं पुन्हा येतात. फोटो आले की पत्राचा मजकूर शब्दशः इथे टाका, स्टोएज लिस्टशी मी जुळवून बघतो.